तेल आपलं झालं, पुढे काय?

1976 चा जानेवारी. 1 तारखेला व्हेनेझुएलाने आपला तेल उद्योग परदेशी कंपन्यांकडून सरकारच्या ताब्यात घेतला. त्याच महिन्याच्या 24 तारखेला भारत सरकारने बर्मा-शेलचा इथला कारभार घेतला. चेंबूरजवळ माहुलला तुम्हाला भारत पेट्रोलियमची जी रिफायनरी दिसते ना, ती त्या बर्मा-शेलचीच. तिच्या शेजारची हिंदुस्तान पेट्रोलियमची रिफायनरी एस्सोची होती, ती 1974 मध्येच आपल्याकडे आली होती.

सुरुवात सारखीच. मग आज व्हेनेझुएला म्हटलं की गगनाला भिडलेली महागाई आणि देश सोडून जाणारी माणसंच का आठवतात? ‘सरकारने घेतलं म्हणून वाट लागली’ हे उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर तयार मिळतं. पण मग आपली का नाही लागली?

आपल्याकडे राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजवादाच्या घोषणा, एवढंच परीक्षेपुरतं आपण पाठ करतो. कारण त्याहून व्यवहारी होतं. 1960 मध्ये सोव्हिएत रशियाने आपल्याला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, पण बर्मा-शेल, एस्सो आणि कॅल्टेक्स या कंपन्यांनी ते शुद्ध करायलाच नकार दिला. त्यांना आपापल्या मूळ कंपन्यांचं तेल इथे खपवायचं होतं. म्हणजे पैसे आपले, आणि तेल कुणाकडून घ्यायचं ते ठरवणार लंडन नि न्यूयॉर्क! पुढे 1973 च्या तेलसंकटात बॅरलचा भाव सुमारे 3 डॉलरवरून काही महिन्यांत 12 डॉलरच्या घरात गेला आणि सरकारचा धीर सुटला.

मात्र एक फरक नीट बघा. आपण ताब्यात घेतल्या त्या मुख्यतः रिफायनऱ्या आणि पंप. तेल आपण आजही बहुतेक बाहेरूनच आणतो. व्हेनेझुएलाने घेतल्या त्या विहिरी, म्हणजे थेट तिजोरीच. तरीही त्यांची सरकारी कंपनी पुढची पंचवीसेक वर्षं बरी चालली, हे कुणी सांगत नाही. घसरण नंतरची. 2002-03 च्या संपानंतर ह्यूगो चावेझ यांनी कंपनीतली सुमारे 18 हजार माणसं काढून टाकली. त्यात अनुभवी इंजिनीअर होते. विहिरींवर खर्च व्हायचा पैसा सरकारी योजनांकडे वळला. 2000 च्या सुमारास दिवसाला 30 लाख बॅरल तेल काढणारा हा देश वीस वर्षांत 10 लाखांच्याही खाली आला. माझ्या मते दोष ताबा घेण्यात नव्हता, कंपनीला एटीएम समजण्यात होता.

आता गंमत ऐका. 2008 पासून तिथल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात आपल्या ओएनजीसी विदेशचा 40 टक्के हिस्सा आहे. नफ्यातला वाटा थकत गेला. 2016 मध्ये सुमारे 54 कोटी डॉलरची थकबाकी फेडण्याचा करार झाला, तरी तगादा संपला नाही. रशियात सखालिन-1 मध्येही आपले 20 टक्के आहेत. 2022 मध्ये पुतिन यांनी एका फर्मानाने तो प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे दिला. आपला हिस्सा टिकला. बाहेर पडली ती एक्झॉनमोबिल, म्हणजे माहुलच्या त्या एस्सोचीच आजची अवतार-कंपनी. 1974 मध्ये आपण घेणारे होतो. आज दुसऱ्याच्या जमिनीवर आपलेच पैसे अडकलेत. त्यामुळे ‘देशाचा हक्क’ की ‘कराराचा मान’, हा प्रश्न आपल्याला आता दोन्ही बाजूंनी बघावा लागतो.

आणि घरचं? 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की या दोन कंपन्या संसदेने कायदा करून घेतल्या, तेव्हा विकायच्या तर संसदेतच जा. 2016 मध्ये जुने, निरुपयोगी कायदे मोडीत काढण्याच्या यादीत बर्मा-शेलचा कायदाही गेला. फारशी चर्चा झालीच नाही. 2019 मध्ये सरकारने भारत पेट्रोलियममधला आपला हिस्सा विकायला काढला, तेव्हा संसदेची परवानगी लागणार नव्हती. ही विक्री मे 2022 मध्ये बारगळली ती कुणाच्या विरोधामुळे नव्हे. तीन बोलीदारांपैकी दोघे निघून गेले होते.