आराखड्याआधी कचरा काट्यावर घ्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व सदस्य आणि मुख्याधिकारी,
पाथरी नगरपरिषद, जि. परभणी



जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि १९ जानेवारीला तिकडे शिर्डी बंद राहिली. त्या आठवड्यात टीव्हीवर आपल्या गावाचे नाव जितक्या वेळा घेतले गेले, तितके निजामशाहीनंतर कुणी घेतले नसेल. साईबाबा जन्माने कुठले, या वादात मला पडायचे नाही. पाथरीवरून भांडणे होणे तसे आपल्याला नवे नाही. नगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो, आणि त्या नात्यापायी सोळाव्या शतकात नगर आणि वऱ्हाड इथले सुलतान या गावासाठी लढले. तेव्हा तलवारी होत्या. या वेळी बंद पाळून भागले.

मी एसटीत वाहक होतो. आता घरी बसलो आहे. आराखडे, नकाशे, निविदा यातले मला फारसे कळत नाही, पण गर्दी कळते. आषाढीला, यात्रेला, लग्नसराईत दारात लोंबकळणाऱ्या माणसांची तिकिटे फाडत उमर गेली. गर्दी दर्शन घेते अर्धा तास. उरलेला दिवस ती खाते, पिते, अंघोळ करते, टाकते आणि वाट विचारते. साईमंदिराच्या वैष्णव गल्लीत आज येतात त्याच्या दहापट माणसे उद्या आली, तर मंदिराची कमान कशी असावी याचा विचार करणारे पुष्कळ भेटतील. त्या दहापट माणसांच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, हार, गाड्या आणि विजेचे बिल यांचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागणार. म्हणून हे पत्र.

‘शाश्वत शहर’ हा शब्द ऐकला की वाटते, ही पुण्या-मुंबईची गोष्ट असणार. मला उलट वाटते. महानगराला चूक दुरुस्त करायला जागा उरलेली नसते. आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण घ्या. तेव्हाच्या औरंगाबादचा कचरा तीसेक वर्षे नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुढे कित्येक आठवडे त्या शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. कचरा दुसरीकडे न्यायला निघाले तर मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. एवढ्या मोठ्या शहराला कचरा ठेवायला हक्काची एक जागा सापडेना. पाथरी अजून त्या टप्प्यावर आलेली नाही, आणि येण्याआधीच हात घातला तर काम स्वस्तात होईल.

दुसरीकडे कोकणातले वेंगुर्ले. पाथरीहून लहान नगरपरिषद. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा घरातच वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली आणि डेपोत तो वीसहून जास्त प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात गेले, आणि जिथे नाक धरून जावे लागायचे तिथे बाग झाली. आता लोक ती बघायला जातात. त्यांच्याकडे काही जगावेगळे यंत्र नव्हते. घरटी वेगवेगळे डबे होते आणि ते रोज तपासणारी माणसे होती.

डब्यांचे म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे कचरा करणाऱ्यावर टाकली. खरे सांगतो, परवापर्यंत आमच्या घरात एकच बादली होती. त्यात चहाचा चोथा, औषधांची पाकिटे आणि नातवाचा डायपर एकत्र नांदत होते. दोष कुणाला द्यावा? माझ्या आईच्या वेळी असे नव्हते. तिच्या घरी कचरा नव्हताच, उकिरडा होता. शेण, राख, खरकटे, पाचोळा, सगळे त्यात. आणि मृगाआधी बैलगाडीने ते रानात. उकिरड्याला आपण पुढे शिवी करून टाकले, पण गावाचा ओला कचरा रानात परत जाण्याची ती सरळ वाट होती.

ती वाट पाथरीला अजून मोकळी आहे, आणि या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचे आहे. जायकवाडीचा डावा कालवा आला आणि आपला तालुका ऊसपट्टा झाला. उसाने जमिनीतले जे ओढायचे ते ओढले. आता शेणखताची ट्रॉली मिळवताना शेतकऱ्याची दमछाक होते, कारण गावात जनावरेच कमी झाली. भाजी मंडई, खानावळी, मंगल कार्यालये आणि मंदिरातले निर्माल्य यांचे खत झाले तर गिऱ्हाईक शोधत मुंबईला जायला नको. ते वेशीबाहेर उभे आहे. राज्य सरकारने नगरपालिकांच्या कंपोस्टला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव दिले आहे. खत तपासणीत उतरले तरच ते नाव लावता येते. शेतकरी काच आणि कॅरीबॅग असलेले खत एकदा घेईल, दुसऱ्यांदा तोंड फिरवेल. म्हणून घरातले डबे आणि घंटागाडीतले कप्पे यांत हयगय चालणार नाही. उरलेल्या सरमिसळ कचऱ्याचे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात नाल्यातून वाहते ते शेवटी गोदावरीत जाते, आणि ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल इथे आपण नदी अडवून ठेवली आहे. वाहत्या नदीने जे पुढे नेले असते ते बंधाऱ्यात आपल्यापाशीच थांबते.

आता माझ्या धंद्याचे. हैदराबादकडून शिर्डीला जाणारे तेलुगू भाविक मी आयुष्यभर पाहिले. त्यांच्या गाड्या परभणी-मनमाड मार्गाने जातात, म्हणजे मानवत रोड आणि सेलू या आपल्या जवळच्या स्थानकांवरूनच. पाथरीला रेल्वे नाही याचे रडगाणे आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. पण जवळच दोन स्थानके आहेत आणि गावात आपले आगार आहे. स्थानक ते गाव अशी ठरलेल्या वेळेची गाडी नसेल तर तो भाविक जीपगाडी करील, आणि अशा शंभर गाड्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून थेट वैष्णव गल्लीच्या तोंडाशी येतील. ऊसतोडीच्या हंगामात त्याच रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, हे वेगळे सांगायला नको.

एसटीने १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सोडली; पुढे ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार केला. विजेची बस मोठ्या शहरांनाच का? जी गाडी रेल्वेच्या वेळेला जाते, तासाभरात परत येते आणि आगारात उभी राहते, तिला बॅटरी संपण्याची धास्ती नाही. पाथरी-मानवत-मानवत रोड आणि पाथरी-सेलू या फेऱ्या अशाच आहेत. एसटी तुमच्या हाताखाली नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण सर्वसाधारण सभेचा ठराव तुमचा असतो, आणि वाहनतळ गावाबाहेर ठेवून पुढे माणसांनी पायी किंवा ई-रिक्षाने जायचे, हे ठरवणे तर तुमच्याच हातात. जुन्या गल्ल्या रुंद करायला वाडे पाडण्यापेक्षा गाड्या बाहेर ठेवणे बरे. माळवदाची घरे एकदा गेली की भाविकाला दाखवायला नवी फरशीच उरेल.

विजेबद्दल थोडक्यात. लहान नगरपरिषदेचे बिल मुख्यतः दोन गोष्टी वाढवतात, पाणीपुरवठ्याचे पंप आणि पथदिवे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये डोक्यावर जे तळपते त्याचा उपयोग आपण आजवर पापड वाळवण्यापुरता केला. नगरपरिषदेची इमारत, शाळा, दुकानांचे गाळे यांच्या छपरांपासून सुरुवात करा. घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण अर्ज मोबाइलवर भरायचा असतो, आणि माझ्या वयाची माणसे तिथेच अडतात. बांधकाम परवान्याच्या खिडकीशेजारी एक मदतीचे टेबल टाकले तरी पुष्कळ.

आणि इथे शिर्डीचे ऐकावे. भांडण बाजूला ठेवून. तिथल्या प्रसादालयाच्या छपरावर २००९ पासून सूर्याच्या ७३ तबकड्या आहेत आणि त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. शिर्डीने हे गर्दी वाढल्यावर केले. आपले भक्तनिवास, आपले अन्नछत्र अजून कागदावरच आहेत. गरम पाणी, स्वयंपाकाची वाफ आणि खरकट्याचा खड्डा हे त्याच कागदावर आता आखता येतील.

एक छोटी विनंती करून थांबतो, आणि तिला शंभर कोटी लागत नाहीत. उसाच्या गावाला वजनकाट्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही; काट्यात शंभर किलो मारले तर आपण रस्त्यावर उतरतो. तर आठ दिवस गावातली प्रत्येक घंटागाडी काट्यावर घ्या. भरलेली आणि रिकामी. वॉर्डावॉर्डाचा ओला किती, सुका किती, बाजाराच्या दिवशी किती, गुरुवारी मंदिराकडून किती, हे लिहून फळ्यावर लावा. कुठले यंत्र घ्यायचे, किती गाड्या घ्यायच्या, खताचे खड्डे किती खणायचे, ते त्यानंतर ठरवा. लिहायला माणूस नसेल तर मला निरोप द्या. वे-बिल भरण्यात माझी कधी चूक निघाली नाही. पेन आणि पॅड मी घरून आणीन.

आपला,
पाथरीचा एक निवृत्त वाहक