घरातील संगणकांचा अबोला

घरात दोन संगणक असावेत, दोहोंना एकाच राऊटरमधून इंटरनेट मिळावे, आणि तरीही एकावरील फोल्डर दुसऱ्यावरून उघडू जाता ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर यावे, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांना येतो. अशा वेळी हाती लागेल ते सेटिंग बदलत सुटू नये. पडद्यावरचा संदेश आधी नीट वाचावा. अडचण कोठे आहे, हे बहुधा त्यावरूनच कळते.

दुसरा संगणक दिसतच नसेल, तर प्रश्न वाटेचा आहे. दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत ना, हे पाहावे. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरील यंत्रांना सहसा एकमेकांशी बोलू दिले जात नाही. ‘पब्लिक’ जाळ्यावर विंडोज आपला संगणक इतरांपासून लपविते. म्हणून घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ ठरवावे आणि फाइल शेअरिंग सुरू करावे.

संगणक दिसतो, पण पासवर्ड स्वीकारत नाही, तर प्रश्न ओळखीचा आहे. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावरील खात्याचे नाव व पासवर्ड द्यावा लागतो. रोज वापरावयाचा चार-सहा अंकी पिन येथे चालत नाही. पासवर्ड बदलला असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठलेला जुना काढून टाकावा.

ओळख पटूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर प्रश्न अधिकाराचा आहे. फोल्डरला दोन परवानग्या असतात : एक ‘शेअरिंग’ची, दुसरी ‘सिक्युरिटी’ची. जाळ्यावरून येणाऱ्यास त्यांतील अधिक कडक परवानगी लागू पडते. एकीत सर्व अधिकार दिले आणि दुसरीत केवळ वाचण्याचा, तर फाइल उघडेल, पण तीत केलेला बदल जतन होणार नाही.

जुन्या साठवण-यंत्राची गोष्ट निराळी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने ‘एसएमबी १’ या जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन जगभरचे असंख्य संगणक कुलूपबंद केले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते. आपले जुने यंत्र चालावे म्हणून ती पुन्हा सुरू करणे, म्हणजे चोराची वाट आपणच मोकळी करून देणे होय. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्यात ‘एसएमबी २’ किंवा ‘३’ निवडावे. ते शक्य नसेल, तर आतील फाइल उतरवून घेऊन यंत्राला निवृत्त करावे.

फायरवॉल बंद करणे किंवा ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देणे, हे उपाय तत्काळ गुण देतात खरे. परंतु एका संगणकात शिरलेला उपद्रवी प्रोग्रॅम त्याच वाटेने दुसऱ्यावरील फोटो व कागदपत्रेही निकामी करू शकतो. म्हणून कुटुंबासाठी एकच सामायिक फोल्डर ठेवावे, ज्याला लिहिण्याची गरज आहे त्यालाच तो अधिकार द्यावा, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी.