यादी तयार आहे, फेरी हवी

उन्हाळा बाधतो तो उन्हात फिरणाऱ्याला, असे आपण धरून चालतो. म्हणून मार्च लागला की दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, डोक्याला उपरणे बांधा, अशा सूचना सुरू होतात. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या तरुणासाठी त्या योग्यच आहेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मात्र त्या अपुऱ्या पडतात, कारण त्याला उष्माघात घरातल्या घरात, खाटेवर पडल्या पडल्याही होऊ शकतो. वयाबरोबर तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे जास्तीचे रक्त ढकलून अंग गार ठेवण्याची हृदयाची ताकद उणावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर शरीरातले पाणी आणि क्षार आणखी घटतात. माणूस तक्रार करत नाही. तो नुसता मलूल होतो, जेवण टाळतो, असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटते, वयच झाले आता. बरोबर त्याच घटकेला कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहायला हवे असते. अहिल्यानगर जिल्ह्याने उन्हाळ्याची तयारी करताना पहिला विचार या पाहणाऱ्या माणसाचा करावा, असे माझे म्हणणे आहे.

यामागे जगाचा कटू अनुभव आहे. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये तीन आठवड्यांच्या आत नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार मृत्यू जास्त झाले. त्यात वृद्धांचा भरणा मोठा होता आणि अनेक जण एकटे राहणारे होते. श्रीमंत देश, उत्तम रुग्णालये, तरीही. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि एकट्या व असहाय वृद्धांची नोंदवही ठेवून उष्णतेच्या लाटेत त्यांची विचारपूस करण्याचे काम नगरपालिकांकडे आले. शिकागोत जुलै १९९५ मध्ये ७३९ जास्तीचे मृत्यू झाले, तेव्हाही बंद दाराआडचा एकटेपणा हे मोठे कारण ठरले. आपल्या शेजारच्या राज्यातल्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ जास्तीचे मृत्यू झाले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढच्या अभ्यासांत त्याने दरवर्षी हजाराच्या वर जीव वाचल्याचा अंदाज निघाला. नवी मुंबईतल्या खारघरची घटना तर आपल्या डोळ्यांसमोरची. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा तेव्हा ३८ अंशांच्या आसपास होता. आकडा चाळीशीच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे त्या दिवशी राज्याला कळायला हवे होते.

नगरकरांचे यावर उत्तर ठरलेले असते: आम्ही दुष्काळी मुलखातले, ऊन आम्हाला नवे नाही. यात तथ्य आहे, पण ते जुन्या घरांतले तथ्य आहे. धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर असे, भिंती रुंद असत, दारात लिंबाचे झाड असे. आता डोक्यावर पत्रा आला किंवा स्लॅब आला. पत्रा दुपारी भट्टी करतो आणि स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री खाली सोडतो. रात्री अंग निवले नाही तर दुसऱ्या दिवशीचा ताण म्हातारे शरीर आधीच थकलेल्या अवस्थेत झेलते. पंखा आहे म्हणावे, तर वस्त्यांवर वीज कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंग गार न करता उलट तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंग ओल्या फडक्याने पुसत राहणे हा खरा उपाय, आणि आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने तो इथे चांगला लागू पडतो. पण गुडघे धरलेल्या आजीला फडके ओले करून देणार कोण? भरपूर पाणी प्या हा सल्लाही असाच हवेत राहतो. टँकरचे पाणी पुरवून वापरणारी आणि शौचाला लांब जावे लागेल म्हणून मुद्दाम कमी पिणारी बाई तो ऐकून काय करणार?

घरची माणसे आहेत की, असे कोणी म्हणेल. कायदाही तेच म्हणतो. आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवरच टाकली आहे. मात्र या जिल्ह्यातली मुले कुठे आहेत ते पाहावे. पारनेरच्या कितीतरी घरांतला कर्ता मुंबईत, कोणी चाकणला, कोणी रांजणगावला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो तो ऊस संपेपर्यंत परतत नाही. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे. थंडीत नगरचा पारा एकेरी आकड्यावर उतरतो तो सगळा काळ आणि उन्हाळ्याचे पहिले चटकेसुद्धा ही माणसे एकट्याने काढतात. या मुलांना बेपर्वा म्हणणे अन्यायाचे आहे. पोटासाठी गेलेल्या मुलाची जागा दुपारी दोन वाजता भरून काढणारे गावात कोणी असावे, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही. श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची नावे तहसील कार्यालयात आहेत, त्यातले बहुतेक गरीब आणि ६५ च्या पुढचे. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कोण नेते हे प्राथमिक आरोग्य केंद्राला ठाऊक असते. एकटे कोण राहते हे तर गावात पोरालाही माहीत असते. या तिन्हींतून गावागावाची एक यादी सहज निघेल. सरकारी यंत्रणा दारापर्यंत पोहोचू शकत नाही, हेही मान्य करता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अर्ज करणाऱ्या ८५ वर्षांवरील मतदारांचे मत घ्यायला पथके घरी गेली. नगर आणि शिर्डीचे मतदान १३ मे रोजी होते, म्हणजे ऐन वैशाखात. मतासाठी जे जमले ते जिवासाठी का जमू नये?

उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी या यादीतल्या घरी फेरी मारायची, तर आशा सेविकांवर आणखी एक ओझे टाकणार का, हा आक्षेप मला सर्वात रास्त वाटतो. फुकट फेऱ्यांची अपेक्षा मुळीच धरू नये. इशाऱ्याच्या दिवसांपुरता प्रत्येक फेरीचा वेगळा मोबदला द्यावा आणि बचत गटातल्या बायका, कॉलेजची मुले यांना त्यात घ्यावे. काम दहा मिनिटांचे आहे: माणूस नीट बोलतो का, पाणी हाताशी आहे का, सकाळपासून लघवी झाली का हे पाहायचे. बोलणे भरकटले असेल किंवा अंग भाजत असेल तर ओल्या कापडाने गार करत १०८ ला फोन करायचा, आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. गोळ्यांचे प्रमाण बदलायचे की नाही हे डॉक्टरांनी उन्हाळ्याआधी तपासून सांगावे. मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. उष्माघाताचे नोंदलेले बळी थोडे असतात, मग एवढी धावपळ कशाला? पण घरी गेलेल्या वृद्धाच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण खेड्यात बहुधा तपासलेच जात नाही, आणि दवाखान्यात गेलेल्याच्या कागदावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी एवढेच राहते. म्हणूनच अहमदाबादेत अभ्यासकांनी कारणांऐवजी एकूण मृत्यू मोजले. तालुक्याच्या मृत्यू नोंदवहीतून आपल्यालाही हे करता येईल. वृद्धांची संख्याच वाढली म्हणून मृत्यू वाढले, असेही म्हटले जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात याचा हिशेब आहे. जगभरात ६५ वर्षांवरील लोकांचे उष्णतेने होणारे मृत्यू १९९० च्या दशकाच्या तुलनेत २०२३ मध्ये १६७ टक्क्यांनी वाढले. तापमान बदलले नसते, तर ही वाढ ६५ टक्क्यांवर राहिली असती. थंडीने याहून जास्त माणसे दगावतात असे सांगणारे अभ्यास आहेत आणि ते खोटे नाहीत. पण त्यातून फेरी हिवाळ्यातही हवी, एवढेच निघते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचे पाणी गावांत शिरले तशा प्रसंगी कोणाला आधी उचलून बाहेर काढायचे, हेही याच यादीतून कळेल.

१ मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबलो तर उन्हाळ्याचे दोन महिने निघून गेलेले असतील. उन्हाळ्याची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचली जावी आणि प्रत्येक नावापुढे फेरी करणाऱ्याचे नाव लिहिले जावे. हिवाळ्याची यादी २ ऑक्टोबरला व्हावी. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच असतात, आणि ऊसतोडीला निघालेल्या मुलाला आपल्या आईच्या दारावर कोण येणार हे तिथेच विचारून ठरवता येईल.