अळवावरील थेंब आणि आमचें शिक्षण

गतवर्षीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आम्ही पावसाचें एक चित्र छापलें होतें. त्यांतील प्रत्येक थेंब वर निमुळता व खालीं फुगीर, आसवासारखा होता. चित्र सर्वांस आवडलें. परंतु तें खोटें होतें. पावसाचा लहान थेंब जवळजवळ वाटोळा असतो. दोन मिलिमीटरांहून मोठा थेंब खालून लागणाऱ्या हवेच्या दाबामुळें तळाशीं चपटा होतो. आसवासारखें शेंपूट घेऊन तो आकाशांतून उतरत नाहीं. ही चूक आम्ही पदरीं घेतों. पण ती एकट्या चित्रकाराची नव्हे. छापलेलें तेवढें खरें मानावें आणि स्वतः पाहण्याचे श्रम घेऊं नयेत, ही जी संवय आपल्या शिक्षणास जडली आहे, तिचें तें फळ आहे.

थेंबास प्रश्न विचारणें कांहीं कठीण नाहीं. हिंवाळ्यांतील कोरड्या सकाळीं मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाच्या पानावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. प्लॅस्टिकची फणी तेल न लावलेल्या केसांतून दहा-वीस वेळां फिरवून, न टेकवतां, थेंबाजवळ न्यावी. थेंब तिच्याकडे झुकतो, किंचित् लांबट होतो, लहान असल्यास घरंगळतही येतो. फणी झटकन दूर केली कीं थरथरून पुनः पूर्ववत् होतो. हाच प्रयोग आषाढांत करूं जावें तर बहुधा फसतो. कारण दमट हवेंत फणीवरील विद्युत् टिकत नाहीं. फसलेला प्रयोगही असा कांहीं शिकवून जातो.

यांतील मर्म असें: पाण्याच्या पृष्ठभागास ताण असतो व तो थेंबास वाटोळा ठेवूं पाहतो. विद्युत्भारित वस्तु जवळ आली म्हणजे थेंबाच्या जवळच्या बाजूस विरुद्ध भार गोळा होतो व ती बाजू ओढली जाते. एकीकडे विद्युत् ताणते, दुसरीकडे पृष्ठताण आवरतो. या ओढाताणींत थेंब कंप पावतो. अशा कंपांचें गणित लॉर्ड रॅले यांनीं 1879 सालीं मांडलें. त्या गणितानें दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदास सुमारें 120 वेळां हेलकावतो. थेंब मोठा तसा कंप मंद. विद्युत् फारच प्रबळ झाली तर थेंबाचें टोंक शंकूसारखें होऊन त्यांतून बारीक धार उडते. त्या शंकूचा हिशेब जी. आय्. टेलर यांनीं 1964 सालीं दिला. पण या साऱ्या विद्येचा आरंभ पाहूं गेल्यास विल्यम गिल्बर्ट यांनीं 1600 सालीं घांसलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ धरला, येथपर्यंत मागें जावें लागतें. आपली फणी ती त्याच कुळांतील होय.

हा पोरखेळ आहे, असें कोणी म्हणेल. तर वैशाखअखेर तापीकांठीं वळवाचे ढग गडगडत येतात, त्यांच्या पोटांतील प्रत्येक थेंबावर हाच प्रकार चाललेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत भालवणकर व कामरा या संशोधकांनीं खालून वर वाहणाऱ्या हवेच्या झोतावर थेंब तरंगत ठेवून त्यांस विद्युत्क्षेत्र लाविलें. क्षेत्र उभें असतां थेंब उभट होतो, आडवें असतां अधिक चपटा होतो, हें त्यांनीं 2007 सालीं प्रसिद्ध केलें. याचें महत्त्व काय? आजचीं कांहीं रडारयंत्रें थेंबाच्या चपटेपणावरून पावसाचें मान काढतात. विजेनें थेंबाचा आकार बदलला तर तो हिशेबही चुकूं शकतो. धुळें-जळगांवचा कपाशीवाला शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याची मोजदाद अशा बारीक गोष्टीवर अवलंबून आहे.

पालक म्हणतात, परीक्षा तोंडावर असतां फण्या घांसण्यास वेळ कोठला? ही चिंता आम्हांस मान्य आहे. गुणांवांचून पुढची वाट अडते हें खरें. पण पाठ केलेली व्याख्या परीक्षेनंतर विसरते. डोळ्यांनीं पाहिलेला थेंब जन्मभर आठवतो. आणि यास खर्च काय? उपकरणें नाहींत म्हणून शास्त्र शिकतां येत नाहीं, ही सबब अळवाच्या एका पानापुढें टिकत नाहीं.

मात्र मुलांनो, साहस म्हणजे अविचार नव्हे. घरांतील विजेच्या तारांशीं असले खेळ करूं नका. ढग गडगडूं लागले म्हणजे शेतांतील निंबाखालीं उभे न राहतां पक्क्या घरांत या. तेथून पावसाकडे हवें तितकें पाहा.

पुढील अंकासाठीं तुम्हीं स्वतः पाहिलेलें लिहून पाठवा. फसलेले प्रयोग आम्ही आधीं छापूं. सृष्टिकर्त्यानें जी सृष्टि आपल्यापुढें उघडी ठेविली आहे, ती न पाहतांच तिचें वर्णन घोकणें ही त्याची स्तुति नव्हे, असें आम्हांस वाटतें.