निर्बंध बँकेवर, कुलूप ठेवींना

ठेवीदारांच्या हिताला बाध येईल असा कारभार एखाद्या बँकेत चालला असेल, तर बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधील कलम ३५अ नुसार तिला बंधनकारक निर्देश देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला आहे. नवी कर्जे आणि नव्या ठेवी यांना मनाई आणि खात्यातून काढावयाच्या रकमेवर मर्यादा, हे या निर्देशांचे सर्वांत कडक रूप असून व्यवहारात त्यालाच ‘निर्बंध’ म्हणतात. परवाना कायम असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने बँक जिवंतच असते. अडचणीची कुणकुण लागताच पहिल्या रांगेतले खातेदार पूर्ण रक्कम घेऊन जातात आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला बुडीत कर्जे येतात, हा अन्याय टाळणे हा या मर्यादेमागचा हेतू असतो आणि तो योग्यच आहे.

तथापि, मर्यादेचा भार कोणावर पडतो, हे पाहिले की निर्बंध हा शब्द अपुरा वाटू लागतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांसाठी खात्यामागे केवळ १,००० रुपये काढता येणार होते. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. पण ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला देऊन ते हजारो बनावट खात्यांआड लपवणारे संचालक आणि अधिकारी एकीकडे, आणि वर्गणी जमा करणाऱ्या गृहनिर्माण संस्था व निवृत्त नोकरदार दुसरीकडे, यांत हात बांधले गेले ते दुसऱ्यांचे. कलम ३५अ मध्ये निर्बंधांना कमाल मुदत नाही, ही त्यातील खरी उणीव होय. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये लादलेले निर्बंध मुदतवाढींच्या आधारे चालत राहिले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला.

ठेवविमा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारे संरक्षण, २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेला, तरी तो हाती येण्यासाठी बँक रीतसर मरावी लागे. ठेवविम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद केली. ५ लाखांवरील रकमेला मात्र ती लागू नाही: पंजाब अँड महाराष्ट्र बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवींचा अखेरचा हप्ता १० वर्षांनी देण्याचे ठरले.