हार घाला, पण हिशेबही मांडा



१ जुलै आला की वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो. कृषी दिनाची भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी हार सुकतो आणि आपण पुन्हा डवऱ्यामागे!

हार जरूर घाला. माणूस आपल्याच जिल्ह्याचा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. १९१३ साली बंजारा कुटुंबात जन्मलेला मुलगा वकील झाला, १९५२ साली आमदार झाला आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री राहिला. पण अशा माणसाचा खरा मान हारात नाही, त्याच्या कामाच्या जमाखर्चात आहे.

आधी जमा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडलेले हात आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच काळात राज्यभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २००५ साली देशानेही तसा कायदा केला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे नाईकांच्याच काळातली. माझ्यासारखे शेतकऱ्यांचे पोर कृषी पदवीधर झाले ते त्यामुळेच.

संकरित ज्वारीने पोती वाढवली. पण पहिले वाण लवकर निसवायचे, कणसे पावसात सापडायची, दाणा काळा पडायचा. धांडे आखूड, म्हणून कडबाही कमी. पोट भरले, पण काळ्या ज्वारीला बाजारात भाव कोण देणार?

आता खर्च. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली. हेतू चांगला होता : व्यापाऱ्याची लूट थांबावी. पण व्यापारी गेला आणि गिऱ्हाईक एकच उरले, सरकार. चुकारे हप्त्याहप्त्याने मिळू लागले. पैनगंगेपलीकडे भाव जास्त असला तरी माल नेण्यास बंदी. चोराला पकडावे तशा कापसाच्या गाड्या अडवल्या जात. २००२ नंतर ती मक्तेदारी सुटली. व्यापारी परत आला, पण भाव ठरवणारा हात शेतकऱ्याचा झाला नाही.

भूमिपुत्र मुख्यमंत्री झाला की शेतकऱ्याचे भले होते, असे आपण मानतो. आपल्या जिल्ह्याने तर दोन दिले. नाईकांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. तरीही पुढे याच मुलखात आत्महत्या झाल्या आणि शेती स्वावलंबनासाठी अमरावतीला मिशन काढावे लागले. त्याला नाव दिले वसंतरावांचेच! पीक वाढवण्याचा त्यांचा ध्यास खरा होता. पण उत्पन्न वाढले की घरात पैसा येतो, हे गृहीतक खोटे ठरले. क्विंटल वाढले, तसे बियाणे, खत आणि फवारणीचे बिलही वाढले.

म्हणून येत्या १ जुलैला प्रत्येक गावाने एवढेच करावे. क्विंटलभर कापसाला आणि ज्वारीला आलेला खर्च व हाती पडलेला भाव एका कागदावर लिहावा, तो हाराखाली ठेवावा आणि भाषणाला येणाऱ्या पुढाऱ्याला आधी तो मोठ्याने वाचायला लावावा.