परतीचे तिकीट कोणाच्या खिशात आहे?

गोव्याच्या हणजूण, हरमल, मोरजी, मांद्रे या गावांत वर्षानुवर्षे मुक्काम केलेले गोरे लोक मायदेशी परत का जातात? गावात विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. व्हिसाची कटकट. भाडी वाढली. कचरा आणि गोंगाट वाढला. म्हातारपण आले, दुखणी आली. आणि शेवटी, "गोवा पूर्वीचा राहिला नाही."

ही उत्तरे खोटी नाहीत. २००९ च्या अखेरीस केंद्र सरकारने पर्यटक व्हिसावर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांच्या अंतराची अट घातली. ती २०१२ मध्ये बहुतेकांसाठी उठली. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला आणि मोरजीतल्या रशियनांचे गणित बिघडले. २०२० मध्ये कोरोना आला. कारणे खरीच आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही कारणे सांगणारा 'स्थानिक' कोण?

खोल्या भाड्याने देणारा घरमालक व्हिसा आणि रुबलबद्दल बोलणार, कारण त्याचे नुकसान तिथे झाले. त्याच खोल्यांतल्या चादरी धुणाऱ्या, संडास घासणाऱ्या बाईचे मत कोणी घेत नाही. किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बाईला तर 'स्थानिक' म्हणायलाच कोणी तयार नाही. पण खरे उत्तर तिच्या जगण्यात आहे: ते परत गेले, कारण त्यांना परत जायला जागा होती.

तिकडे पेन्शन आहे, दवाखाना आहे, हक्क देणारा पासपोर्ट आहे. मनासारखे जगायला ते आले आणि मन भरल्यावर निघाले. त्यांच्या जाण्याला आम्ही दोष देत नाही. पण मनाप्रमाणे येणे आणि मनाप्रमाणे जाणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि ती जगात सारखी वाटलेली नाही.

युरोपातून आलेला माणूस 'पाहुणा' होतो; सोलापूर-विजापूरहून पोटासाठी आलेला 'घाटी' होतो. गोऱ्याला खोली देताना आडनावाचा तपास होत नाही, आपल्या माणसाला पहिला प्रश्न तोच असतो. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, पण गोव्याच्या यादीत नाही. राज्याची हद्द ओलांडली की तिचा संविधानिक हक्क मागे राहतो. जात मात्र सोबत येते.

बाहेरून आलेल्यांचेच कशाला? भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले, तरी अनेकांना राहते घर स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी आजही मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. किनाऱ्यावरच्या जमिनीचा भाव वाढला की पहिली नजर त्याच्याच घरावर जाते. तो वैतागला तर कोणत्या मायदेशी जाणार?

१९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की आपल्याला मायभूमीच नाही. ज्या भूमीत माणूस म्हणून वागणूक नाही ती आपली कशी, हा त्यांचा सवाल होता. तो आजही किनाऱ्यावर उभा आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, 'परदेशी का गेले' या चर्चेत हळहळत बसू नका. ग्रामसभेत जा आणि विचारा: मुंडकारांचे किती दावे निकाली निघाले? किनाऱ्यावर राबणाऱ्यांची कामगार म्हणून नोंद कुठे आहे? त्यांना भाड्याची खोली जात न विचारता मिळते का? पर्यटकांचा हंगाम संपतो, राबणाऱ्यांचा संपत नाही. ज्यांना जायला दुसरे घर नाही, त्यांच्यासाठी हेच घर हक्काचे करणे, हे आपले काम आहे.

जयभीम!